पेठ कोणाची? बाजाराला येणाऱ्याची!

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



जिल्ह्याच्या बैठकीत आपण कापसाच्या भावाचे बोलतो, ज्वारीच्या खरेदीचे बोलतो, विजेचे आणि पीककर्जाचे बोलतो. आज तालुक्याच्या गावातल्या जुन्या पेठेवर बोलायचे ठरले, तेव्हा काही जणांनी विचारले, "पेठेचे काय ते व्यापारी बघतील, नगरपालिका बघेल. आपला त्यात काय संबंध?"

संबंध आहे, आणि तो रोकडा आहे. नांदेड काय, लातूर काय, तालुक्याची लहान गावे काय, सगळीकडे जुन्या पेठा सुधारायची भाषा चालू आहे. रस्ता रुंद करायचा, फरशी बसवायची, दिव्यांचे खांब उभे करायचे, जुन्या इमारतींना रंग द्यायचा. त्याला सुशोभीकरण म्हणतात. त्याची रंगीत चित्रे काढतात आणि नगरपालिकेच्या भिंतीवर लावतात. ही चित्रे एकदा नीट बघा. त्यांत फरशी आहे, कुंड्या आहेत, बाकडी आहेत, हातात पिशवी घेऊन फिरणारी चार माणसे आहेत. डोक्यावर गाठोडे घेतलेली बाई त्यांत नाही. भाजीची पथारी नाही, मिरचीचे पोते नाही, खताची गोणी लादलेली मोटारसायकल नाही. आणि जो चित्रात नसतो, तो काम पुरे झाल्यावर रस्त्यावरही नकोसा होतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. पेठ जरूर सुधारा. चिखल, उघडी गटारे, दुपारच्या उन्हात बसायला जागा नाही, बायकांना आडोसा नाही, हे सगळे बदललेच पाहिजे. पण आराखडा काढण्याआधी बाजाराला येणाऱ्या माणसाला मोजा. त्याला न मोजता काढलेला आराखडा म्हणजे जमीन न बघता केलेली पेरणी.

पेठ कोणाच्या मालावर उभी राहिली?

आपल्या भागातले शब्दच बघा. निजामाच्या राज्यात धान्याच्या बाजाराला गंज म्हणत. मराठवाड्यात आपण मोंढा म्हणतो. नांदेडला जुना मोंढा आहे आणि नवा मोंढा आहे. गावाच्या वस्तीला बाजाराचे नाव पडते आणि बाजार दुसरीकडे गेला तरी ते नाव राहते. म्हणजे गाव कशामुळे वाढले, हे नावातच लिहून ठेवले आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मनमाड ते हैदराबाद हा रेल्वेचा रस्ता नांदेडवरून सुरू झाला. १९११ साली बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी लातूरला पोचली. या गाड्या नुसत्या माणसांसाठी आल्या नव्हत्या. आपला कापूस, आपली ज्वारी, तूर, करडई बाहेर नेण्यासाठी आल्या. नांदेडला उस्मानशाही मिल उभी राहिली ती आसपासच्या तालुक्यांतल्या कापसावर. मिल पुढे बंद पडली, पण तिच्या भोंग्यावर गावाचे घड्याळ चालत होते हे सांगणारी म्हातारी माणसे नांदेडला अजून भेटतात. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून १९८०च्या दशकात एन.एच.एच. ४४ हे संकरित वाण निघाले आणि कोरडवाहू कापसाच्या शिवारात घरोघर गेले. कंधारच्या बाजूच्या बैलाला लाल कंधारी म्हणतात, देवणीच्या बैलाला देवणी. गावांची नावे गुराढोरांना मिळाली, कारण ती गावे गुराढोरांच्या आणि धान्याच्या देवघेवीवर जगत होती.

आता पेठेत दगडी जोत्यांचे वाडे दिसतात, लाकडी खांबांच्या ओसऱ्या दिसतात, माळवदाची जुनी दुकाने दिसतात. शहरातली माणसे त्यांना 'वारसा' म्हणतात. चांगला शब्द आहे. पण वारसा म्हटला की वारसदार कोण, हा प्रश्न आलाच. आडत, तोलाई, हमाली, व्याज यांतून जी शिल्लक राहिली तिच्यावर ही जोती चढली. आम्ही कोणाच्या वाड्यात वाटा मागत नाही. पण त्या पेठेचा आराखडा ठरताना वारसदारांच्या यादीत आपलेही नाव असले पाहिजे.

गंजगोलाईपासून काय शिकायचे?

लातूरची गंजगोलाई तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. लातूरला लग्नाचा बस्ता बांधायला गेलो नाही असे घर आपल्यात सापडणार नाही. मधे जगदंबेचे मंदिर, भोवती गोल दुमजली इमारत, आणि तिथे येऊन मिळणारे सोळा रस्ते. हा आराखडा निजामाच्या काळात फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने केला. एका रस्त्यावर सोने-चांदी, एकावर कापड, कुठे चपला, कुठे मिरची, कुठे गूळ, अशी एकेका मालाची एकेक ओळ लागली.

तो गोल का काढला असेल, याचा विचार शेतकऱ्याच्या नजरेने करा. माणूस कोणत्याही बाजूने गावात आला तरी सरळ मध्यावर पोचतो. एका मालाची दुकाने एका ओळीत असली की या दुकानात भाव विचारला आणि पटला नाही तर चार पावलांवर दुसरे दुकान. भाव लपवता येत नाही. एक फेरा मारला की बाजार संपला, आणि दिवेलागणीच्या आत घरची वाट धरता आली. गोल इमारतीच्या सावलीत टेकता आले, देवीला नमस्कार झाला, सोबतच्या माणसांची चुकामूक झाली तर गाठ कुठे पडायची हेही ठरलेले. "गोलाईत भेटू" एवढे म्हटले की पुरे.

हा चांगला आराखडा. तिथे शोभा आहे, पण शोभा मागून आली. आधी वाट, मग सावली, मग भाव विचारायची सोय आणि या सगळ्यांतून शोभा. आज कागदावर उलटे चालले आहे. आधी शोभा काढतात आणि उरलेल्या जागेत माणूस बसवतात.

आणि आजची गोलाई कशी आहे? सोळा रस्ते तेच, पण त्यांवर मोटारी, रिक्षा, टेम्पो, हातगाडे आणि पथाऱ्या. अतिक्रमण हटवायची मोहीम येते, पथाऱ्या उठतात, काही दिवसांनी पुन्हा बसतात. असे का होते? कारण गिऱ्हाईक तिथेच येते. पाणी जसे उताराकडे जाते तसा विकणारा गिऱ्हाइकाकडे जातो. त्याला काठीने किती वेळा हटवणार? त्याला जागा आखून देणे हाच नियोजनाचा अर्थ आहे.

माल बाहेर गेला, पैसा मात्र पेठेतच येतो

मधल्या काळात एक मोठा बदल झाला, तो ध्यानात घेतला पाहिजे. १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी आली आणि आपला कापूस पेठेतून उठून सरकारी खरेदी केंद्रावर गेला. ती एकाधिकारशाही आता इतिहासजमा झाली, पण कापूस काही पेठेत परत आला नाही. तो जिनिंगवर जातो किंवा खेडा खरेदीत दारातच जातो. धान्याचा बाजारही मार्केट यार्डात, गावाबाहेर गेला. ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली आणि सोयाबीनही यार्डातच उतरते.

मग पेठेत आपण कशाला जातो? खरेदीला. यार्डात पट्टी घ्यायची आणि पेठेत खर्चायची. बियाणे, औषध, दोरखंड, पत्रे, कापड, किराणा, पोरांची वह्या-पुस्तके, म्हाताऱ्यांची औषधे, मुलीच्या लग्नाचे मणी. आणि आठवडी बाजाराच्या दिवशी आपल्या घरातली बाई त्याच पेठेच्या कडेला भाजी, मिरची, कोथिंबीर, गावरान अंडी घेऊन बसते. चार पैसे मिळाले की त्याच पेठेतून तेल-मीठ घेऊन घरी येते. शेतकऱ्याच्या घरातला हा एकच पैसा असा आहे की ज्यासाठी आडत्याची पट्टी लागत नाही आणि सोसायटीची वसुली आडवी येत नाही.

म्हणून पेठेतल्या व्यापाऱ्यांनाही आमचे सांगणे आहे. यार्ड एकीकडे, पेठ दुसरीकडे, मधे गाडी उभी करायला जागा नाही, प्यायला पाणी नाही, बाईमाणसाला आडोसा नाही, असे झाले तर शेतकरी पेठेत येणार नाही. तो हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानात जाईल, कारण तिथे निदान मोटारसायकल लावता येते. पेठ चकचकीत होईल आणि गल्ला रिकामा राहील.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात हमरस्त्यांवर मोठमोठी दुकाने झाली आणि शेकडो लहान गावांच्या जुन्या पेठा ओस पडल्या. तेव्हा १९७७ साली तीन लहान गावे निवडून तिथे जुन्या पेठा सावरायचा प्रयोग सुरू झाला, आणि पुढे तो देशभर गेला. त्यातला धडा साधा होता. नुसत्या इमारती रंगवून पेठ जगत नाही. दुकानदार, नगरपालिका आणि येणारे गिऱ्हाईक यांनी एकत्र बसून ठरवावे लागते. पुष्कळ गावांनी मग काय केले? आठवड्यातून एक दिवस पेठेत शेतकऱ्यांचा बाजार भरवला. जे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, ते त्यांनी मुद्दाम सुरू केले. आणि आपण आपल्या चालत्या बाजाराला अडगळ म्हणायचे?

ज्याला समोर ठेवाल त्याची सोय होते

आराखड्याचा एक नियम आहे. ज्याला समोर ठेवून आखणी होते, त्याची सोय होते. नांदेडचे उदाहरण घ्या. गुरू गोविंदसिंगांचे देहावसान आणि गुरू ग्रंथसाहिबाला गुरूपद या १७०८ सालच्या घटनांना २००८ साली तीनशे वर्षे झाली. गुर-ता-गद्दीच्या या सोहळ्यासाठी देशातून, परदेशांतून भाविक येणार होते. त्याआधी, २००५ साली, केंद्र सरकारचे जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियान सुरू झाले होते आणि त्यात नांदेडचा समावेश झाला होता. मग पैसा आला आणि कामे झाली. गुरुद्वाराचा परिसर मोकळा केला, रस्ते रुंद केले, गोदावरीचे घाट बांधले, विमानतळ नव्याने उभा केला.

त्यातून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. पहिली म्हणजे, सरकारने मनावर घेतले तर जुन्या, दाट वस्तीच्या गावातही दोन-तीन वर्षांत रस्ते होतात, गटारे होतात. 'जुन्या गावात काही करता येत नाही' हे म्हणणे खोटे ठरले. दुसरी म्हणजे, समोर यात्रेकरू होता, म्हणून यात्रेकरूची सोय झाली. त्याला आमची हरकत नाही. दूरचा पाहुणा आपल्या गावी येतो, त्याची सोय व्हायलाच हवी. आम्ही एवढेच विचारतो. जो पाहुणा तीनशे वर्षांच्या सोहळ्याला येतो त्याच्यासाठी जे होते, ते दर आठवड्याला, वर्षातून बावन्न वेळा येणाऱ्या माणसासाठी का होऊ नये?

न विचारता काढलेल्या आराखड्याचे काय होते, हे लातूर जिल्ह्याला सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून ५२ गावे नव्या जागी वसवली. घरे पक्की झाली आणि त्यांतून पुष्कळांना आधार मिळाला. पण आखणी शहरातल्या वसाहतीसारखी होती. सरळ रेषा, रुंद रस्ते, लांबलांब घरे. बैल कुठे बांधायचे, कडबा कुठे रचायचा, भावकीचा शेजार कसा राहील, घरापासून शेत किती लांब पडेल, याचा हिशेब त्या रेषांत कमी पडला. मग लोकांनी आपल्या हाताने गोठे घातले, भिंती घातल्या, मोकळ्या जागा अडवल्या. कागदावरचे गाव आणि राहते गाव वेगळे झाले. पेठेच्या बाबतीत तसे होऊ नये, म्हणून आज बोलायचे.

जोतीरावांनी विरोध का केला?

आता पुण्याची एक गोष्ट. पुण्याची मंडई फार नावाजलेली. १८८६ साली ती बांधून झाली तेव्हा तिला रे मार्केट असे गव्हर्नरचे नाव दिले. त्याआधी भाजीचा बाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरत असे. महात्मा जोतीराव फुले तेव्हा काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. मंडईच्या इमारतीवर एवढा पैसा घालायला त्यांनी विरोध केला. माळ्याच्या घरात जन्मलेला, स्वतः शेती केलेला, 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणारा हा माणूस भाजीबाजाराच्या इमारतीला विरोध करतो, हे वरवर पाहिले तर उलटे वाटते.

पण आम्हाला ते उलटे वाटत नाही. उंच मनोरे आणि कमानी बघून ते भुलले नाहीत. कर गोरगरिबांनी भरायचा आणि शोभा दुसऱ्याच्या नावाने उभी राहायची, याचा हिशेब त्यांनी मागितला. पुढे त्याच मंडईला महात्मा फुल्यांचे नाव दिले. नाव दिले ते योग्यच झाले, पण त्यांनी मागितलेला हिशेब मागायची सवय मात्र आपण उचलली नाही.

तो हिशेब आपण आपल्या गावच्या बाजाराला लावून बघू. समजा, एका तालुक्याच्या बाजाराला चारशे माणसे पथारी मांडून बसतात. प्रत्येकाकडून वीस रुपयांची पावती फाडली. एका बाजाराचे ८,००० रुपये झाले. वर्षाचे बावन्न बाजार धरले तर ४ लाख १६ हजार. दहा वर्षांचे ४१ लाख ६० हजार. आकडे धरून चाललेले आहेत, तुमच्या गावचे आकडे तुम्ही घाला. आणि मग विचारा, या पैशातून बाजारात काय झाले? नळ किती बसले? मुताऱ्या किती बांधल्या? झाड एक तरी लावले का? सुशोभीकरणासाठी 'निधी नाही' असे जेव्हा सांगतात, तेव्हा हा हिशेब पुढे ठेवायचा.

कायद्यात आपल्याला जागा आहे

काही जण म्हणतील, आपले मत गावच्या ग्रामपंचायतीत. नगरपालिकेत आपल्याला कोण विचारणार? तर नीट ऐका.

महाराष्ट्राचा प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ सालचा आहे. शहराचा विकास आराखडा या कायद्याखाली होतो. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की नोटीस निघते आणि हरकती-सूचना मागवतात. हरकत कोण घेऊ शकतो? कायदा म्हणतो, कोणतीही व्यक्ती. त्यात मतदार म्हटलेले नाही, घरपट्टी भरणारा म्हटलेले नाही. नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत दिली की नियोजन समितीपुढे सुनावणी मिळते. खेड्यातला शेतकरी, बाजाराला बसणारी बाई, कोणीही हरकत देऊ शकते. पण मुदत गेली की गेली. पेरणीची वेळ आणि हरकतीची वेळ सारखीच, वाफसा निघून गेला की हातात काही राहत नाही.

दुसरा कायदा २०१४ सालचा, पथविक्रेत्यांचा. रस्त्याकडेला बसून विकणाऱ्यांच्या उपजीविकेला संरक्षण देणारा. त्याप्रमाणे प्रत्येक शहरात फेरीवाला समिती असली पाहिजे आणि तिच्यात किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले असले पाहिजेत. त्यांतल्या एक तृतीयांश जागा बायकांच्या. विकणाऱ्यांची पाहणी पुरी होईपर्यंत बसलेल्यांना उठवता येत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, या कायद्याच्या परिशिष्टात असे म्हटले आहे की ज्या स्वाभाविक बाजारात पन्नास वर्षांहून अधिक काळ पथविक्रेते धंदा करत आले आहेत, तो वारसा-बाजार म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना दुसरीकडे हलवू नये.

ऐकले का? वारसा नुसता दगडी कमानीचा नसतो, बाजाराचाही असतो, हे संसदेच्या कायद्यात आहे. आपल्या भागातले किती आठवडी बाजार पन्नास वर्षांपलीकडचे आहेत? मोजायला बसलात तर पन्नास वर्षांच्या आतलाच शोधावा लागेल. मग यांतल्या किती बाजारांसाठी वारसा-बाजाराची मागणी लेखी गेली आहे, हे आपल्या तालुक्यात जाऊन विचारा.

तिसरी गोष्ट २०१६ सालची. महाराष्ट्राने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. भाजी यार्डातच नेली पाहिजे हे बंधन गेले. पण बंधन सुटले आणि बसायला जागा नसली तर त्या मोकळिकीचा काय उपयोग? खुंट्याचा बैल सोडला आणि शेताला वाटच नाही, तशातली गत.

सुशोभीकरणाची पुष्कळ कामे विकास आराखड्यात येतच नाहीत. ती सभेच्या ठरावाने, एखाद्या योजनेच्या निधीतून होतात. त्यांच्यासाठी २००५ सालचा माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचा अर्ज करा आणि कामाचे अंदाजपत्रक, नकाशा, ठरावाची नक्कल मागा.

काय मागायचे?

नुसते 'आमचा विचार करा' म्हणून भागत नाही. मागणी मोजून-मापून हवी. आम्ही पुढे ठेवतो ती यादी अशी.

एक. आराखड्याआधी मोजणी. बाजाराच्या दिवशी कोणत्या रस्त्याने किती माणसे येतात, किती वाहने, किती बसणारे, किती बायका, सकाळी किती आणि दुपारी किती. नगरपालिका मोजत नसेल तर आपण मोजू. प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी दोन पोरे वही घेऊन बसवली की काम होते.

दोन. गाडीतळ. पेठेत मोटार नको असेल तर कबूल. पण पेठेपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर टेम्पो, मोटारसायकल, बैलगाडीला जागा हवी, आणि तिथून खताची गोणी उचलून न्यायला हातगाड्याला वाट हवी.

तीन. बसायच्या जागा जमिनीवर आणि गिऱ्हाइकाच्या वाटेवर. वरच्या मजल्यावर ओटे बांधून भाजी विकली जात नाही. बाई टोपली घेऊन जिना चढणार नाही आणि गिऱ्हाईकही चढणार नाही. मग ओटे ओस पडतात आणि 'यांना सोय करून दिली तरी बसत नाहीत' असे ऐकायला मिळते.

चार. पाणी, सावली आणि बायकांसाठी स्वच्छतागृह. पहाटे घरून निघालेली बाई संध्याकाळपर्यंत बसते. ती दिवसभर पाणी का पीत नाही, हे आराखडा काढणाऱ्या साहेबांना कोणी सांगितले नसेल तर आपल्या मायबहिणींनी सांगावे. लाजायचे कारण नाही, लाज त्यांना वाटली पाहिजे. सावलीसाठी कडूनिंब लावा. लोखंडी छत्रीखाली मे महिन्यात बसून बघितले की फरक कळतो.

पाच. आधी गटार, मग मुरूम, मग फरशी. आपली जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ती पुरेशी खोदून, मुरूम दाबून न भरता वर ठोकळ्यांची फरशी अंथरली की थोड्याच दिवसांत ती वर-खाली होते. हे समजायला इंजिनिअर व्हावे लागत नाही, काळ्या रानात घर बांधलेल्या कोणालाही विचारा.

सहा. जुन्या इमारती पाडण्याआधी दुरुस्त करा. ओसरी आणि पडवी ही दुकानासमोरची सावली आहे, पावसात आडोसा आहे. रुंदीकरणात ती कापली की रस्ता रुंद होतो आणि माणूस उन्हात येतो.

सात. तपासलेला काटा. बाजारात एक खात्रीचा काटा असा असावा की ज्यावर कोणीही आपला माल फुकट तोलून बघू शकेल.

आठ. कामाची वेळ. दसरा-दिवाळीच्या तोंडावर आणि लगीनसराईत पेठ खणू नका. एका वेळी एक रस्ता घ्या, तो पुरा करा, मग दुसरा. सगळे रस्ते एकदम उखडून ठेवले की दुकानदारही मरतो आणि बाजारही मोडतो. मोडलेला बाजार पुन्हा त्याच जागी बसेलच याची खात्री नसते.

उलटे बोलणाऱ्यांना उत्तर

एक आक्षेप नेहमीचा. खेड्यातले लोक येतात म्हणून पेठेत गर्दी होते. अहो, गर्दी होते म्हणून तर ती पेठ आहे! ज्या गावाच्या पेठेत गर्दी नाही, तिथला दुकानदार तुमच्याकडे नोकरीला येईल. गर्दी हा रोग नाही, गर्दीला जागा न आखणे हा रोग आहे.

दुसरा आक्षेप, काळ बदलला, आता फोनवर सामान येते, आठवडी बाजार किती दिवस टिकणार? फोनवर कापड येईल, चप्पल येईल. पण फोनमध्ये आपल्या बाईची मेथीची जुडी विकली जाणार नाही, बैलाच्या दोराची पारख होणार नाही, आणि शेजारच्या गावात पाऊस किती झाला, सोयाबीन कोणी किती दराने दिले, कोणाच्या मुलीसाठी स्थळ आहे, हे कळणार नाही. बाजाराचा दिवस हा खेड्यांचा आपसांतला दिवस आहे. ज्वारीची भाकरी बांधून आलेला माणूस तिथे चार गावांच्या बातम्या घेऊन परत जातो.

आणि एक शिस्त आपणही पाळायची. जागा आखून मिळाली की रेषेच्या आत बसायचे. रुग्णवाहिकेला वाट मोकळी ठेवायची. उरलेला पालापाचोळा गोळा करून जागेवर ठेवायचा, तो खताला जातो, गटारात जाता कामा नये. मागणी करणाऱ्याचे वागणे चोख असले की मागणीला वजन येते.

आता काम

इथून गेल्यावर प्रत्येक तालुक्याने चार कामे करायची. पहिले, येत्या आठवडी बाजारी मोजणी करून कागदावर उतरवायची. दुसरे, बाजार किती जुना आहे याचे पुरावे गोळा करायचे. जुन्या पावत्या, ठरावांच्या नकला, म्हाताऱ्या माणसांची सह्यांसह निवेदने. तिसरे, पेठेच्या कामाचा नकाशा आणि अंदाजपत्रक माहितीच्या अधिकारात मागायचे. चौथे, बाजाराला येणाऱ्या गावांच्या ग्रामसभांत ठराव करायचे आणि ते सगळे एकत्र बांधून मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवायचे, पोच घ्यायची. पेठेतल्या दुकानदारांनाही सोबत बोलवा. यात त्यांचा आणि आपला फायदा एकाच बाजूला आहे.

चाळीस गावांचे चाळीस ठराव एका दिवशी टेबलावर पडले, तर आराखड्याच्या चित्रात डोक्यावर गाठोडे घेतलेली बाई आपोआप उमटेल. तिला तिथे बसवायला कोणाची दया लागणार नाही, पुरावा आणि वेळेवर दिलेली हरकत लागेल.

मोजणीच्या वह्या पुढच्या जिल्हा बैठकीला घेऊन या. कोणत्या तालुक्याची वही आली आणि कोणाची राहिली, ते आपण सगळ्यांसमोर वाचून दाखवू.